थाळी वाजली की आत

नोकरीची पहिली सात वर्षं मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला काढली, डोंगराच्या पायथ्याच्या एका शाळेत. तिथं दरडीच्या भीतीनं पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही मुलांकडून एकच सराव करून घ्यायचो. घंटा लांब वाजली की दप्तर, पाटी, चप्पल सगळं आहे तिथं टाकायचं, बाहेर पडायचं आणि डोंगराकडे पाठ करून गावदेवीच्या पटांगणात जायचं. मग माझी बदली जुन्नर तालुक्यात झाली. राजुरी आणि आणे या गावांच्या मधल्या पट्ट्यातला एक मळा, दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथीची एकतीस मुलं, एक गुरुजी आणि मी. शाळेच्या तिन्ही बाजूंना ऊस. इथं मला शिकलेलं सगळं उलटं करावं लागलं. इथं संकट आलं की आत पळायचं असतं.

कारण उसात बिबट्या राहतो. मळ्यावर त्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात, आणि त्याच्याबद्दल बोलतानाही एखाद्या खाष्ट शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात. काल इकडून गेला, परवा अमक्याचं कुत्रं नेलं, आज दिसला नाही म्हणजे पलीकडे गेला असेल. मुलांना मात्र एकटं कुणी सोडत नाही. शाळेत आमचे दोन इशारे ठरलेले होते. आग लागली, जमीन हलली तर घंटा, म्हणजे बाहेर. वाघ दिसला तर थाळी, म्हणजे आत. थाळी वाजवायचं काम खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे होतं, कारण त्या दिवसभर बाहेर असायच्या आणि त्यांच्या हाताशी थाळी आणि उलथणं कायम असायचं.

थाळी वाजली की सगळ्यांनी मोठ्या खोलीत यायचं, खिडक्या लावायच्या, दाराला कडी घालायची, समोरच्या भिंतीला टेकून दाटीवाटीनं बसायचं. मग बाईंनी किंवा गुरुजींनी मोठ्यानं मोजायचं. मोजणी पूर्ण झाली की एकानंही तोंडातून आवाज काढायचा नाही. आत कालवा झाला तर बाहेर काय चाललंय ते आम्हाला कळत नाही, म्हणून हा शेवटचा नियम मी फार कडक केला होता.

मी जरा तापट बाई आहे आणि माझा घड्याळावर फार जीव. पहिल्याच सरावाला मुलांनी दोन मिनिटांच्या वर वेळ घेतला, कारण एकेक जण उंबऱ्यापाशी थांबून चप्पल काढायचा आणि ती नीट ओळीत लावायचा. वर्गात चप्पल घालून यायचं नाही, हे आम्हीच त्यांच्या हाडीमासी भिनवलं होतं. पहिलीतलं एक पोर तर चुकून उलटी पडलेली दुसऱ्याची चप्पलही सरळ करत बसलं. मला हसू आलं आणि रागही आला. वाघ आला तर चपलेसकट आत या, मी सारवते वर्ग पुन्हा, असं मी सांगितलं. फरशीचा वर्ग कोण सारवतं, पण तोंडाला आलं ते बोलले. पुढच्या सरावाला मुलं निम्म्या वेळात आत आली.

तरीही वेळ मनासारखी येत नव्हती, आणि त्याचं कारण एक मुलगी होती. ती दुसरीत होती. तिचा उजवा पाय जन्मतःच घोट्यात आत वळलेला, त्यामुळे चालताना ती तो पाय बाजूनं फेकायची. पळणं म्हणजे तिच्यासाठी भराभर चालणं. सगळे आत येऊन बसले तरी ती मैदानाच्या मध्यावर असायची आणि मी दार धरून उभी असायची. मुलं भिंतीशी चुळबुळ करायची. ती येऊन पोचली की सगळ्यांकडे बघून ओशाळं हसायची.

पुढच्या महिन्यात तालुक्याहून साहेब सराव बघायला येणार असं कळलं. त्याच्या आदल्या दिवशी मी तिला जवळ बोलावलं आणि सांगितलं की तू पळायचं नाहीस, तू आधीच आत येऊन बसत जा. खोलीच्या कोपऱ्यात पुस्तकांचं लोखंडी कपाट होतं, त्याच्या आडोशाला तिची जागा करून दिली. दारापासून सगळ्यात लांब, म्हणजे सगळ्यात सुरक्षित. तिनं एकदाच विचारलं की मी पळायचंच नाही का. मी म्हटलं, तुला कशाला त्रास बाळा. हे मी मनापासून म्हटलं होतं. तिचा जीव दमतो हे मला दिसत होतं. आणि घड्याळही दिसत होतं. त्या दोन गोष्टींतली माझ्या मनात कुठली मोठी होती, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

साहेब आले, थाळी वाजली, चाळीस सेकंदांत दाराला कडी पडली. साहेबांनी मोबाईलवर चित्रीकरण केलं आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या ग्रुपवर टाकलं. दिवसभर अंगठे आणि फुलं येत होती. गुरुजी म्हणाले, बाई, तुम्ही शाळेचं नाव काढलं. मी दोन दिवस हवेत होते.

त्यानंतर दर महिन्याला सराव व्हायचा तो तसाच. थाळीच्या आधी मी तिला आत बसवून यायची. मोजताना मी तिच्यापासून सुरुवात करायची, कारण ती आधीच आलेली असायची. सुरुवातीला मी कपाटापर्यंत जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून ‘एक’ म्हणायची. मग दारातूनच मान वळवून म्हणायला लागले. मग मानही वळवेनाशी झाले. दाराला कडी घालता घालता, मुलांकडे पाठ असतानाच माझ्या तोंडून ‘एक’ निघून जायचा, आणि वळून मी ‘दोन’पासून भिंतीशी बसलेल्यांना मोजायची. एकतीसला मोजणी संपायची. कधी चुकली नाही.

तो दिवस जानेवारीतला. गुरुजी बैठकीला जुन्नरला गेले होते, शाळेत मी एकटीच. हजेरी पूर्ण होती, एकतीसच्या एकतीस. शेजारच्या वावरात ऊसतोड चालू होती. ऊस तुटत आला की वाघाचा आसरा कमी होतो आणि तो बाहेर पडतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मी मुलांना शाळेच्या अंगणाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. खिचडी झाली. मुलं ताटल्या धुवायला शाळेच्या मागच्या पाण्याच्या टाकीकडे गेली आणि धुवून पुढे खेळायला आली. ती मुलगी मात्र गर्दी ओसरल्यावर टाकीकडे जायची. धक्काबुक्कीत तिचा तोल जायचा म्हणून तिनंच तसं ठरवून घेतलं होतं.

एकदम तोडणीवाल्यांचा ओरडा झाला. वाघ, वाघ. लगेच मावशींनी थाळी बडवायला सुरुवात केली. आणि माझी मुलं अशी पळाली की काय सांगू. न रडता, न ढकलता, चपलांसकट. मोठ्या मुलींनी पहिलीतल्या पोरांचे हात धरले होते. खिडक्या लागल्या. मी सगळ्यात शेवटी आत शिरले, दार ओढलं, कडी घातली. कडी घालताना ‘एक’ म्हणाले. वळले आणि पुढं मोजलं. दोन, तीन, चार. एकतीसवर थांबले. मग घड्याळ बघितलं. साहेबांसमोर लागला होता त्याच्याहून कमी वेळ लागला होता, आणि मला त्या क्षणी, खरं सांगते, अभिमान वाटला.

मी गुरुजींना फोन केला, त्यांनी वनखात्याला केला. मावशींनी स्वयंपाकाची खोली आतून लावून घेतली होती, त्यांचाही फोन आला. मुलं गप्प होती. एक पोर मुसमुसत होतं, त्याला मी मांडीवर घेतलं. वीस मिनिटं तरी आम्ही तसे बसलो असू. कपाटाकडे माझं लक्ष एकदाही गेलं नाही. तिथं गप्प बसायची तिची सवयच होती.

मग दारावर थाप पडली. शेजारच्या वावराचे मालक होते. ते म्हणाले, “बाई, दार उघडा. एक पोरगी भाईर हाय तुमची.”

मी कपाटाकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

मालकांनी हातानं शाळेची मागची बाजू दाखवली. मी धावत मागं गेले. ती टाकीजवळ, आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून उभी होती. बंद खिडकीच्या अगदी खाली. छातीशी धुतलेली ताटली धरलेली. मी मुलांना शिकवलं होतं की वाघ दिसला तर खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, ताठ उभं राहायचं. ती तेवढा वेळ ताठ उभी होती, त्या पायावर. मी तिला उचललं तेव्हा तिचा वळलेला पाय लटलट कापत होता आणि थांबता थांबत नव्हता. ती रडली नाही. रडले मीच.

नंतर वनखात्याची माणसं आली. कांद्याच्या ओल्या वाफ्यात त्यांना ठसे मिळाले. टाकीपासून ते वाफे किती लांब आहेत ते मी दुसऱ्या दिवशी चालून बघितलं. पावलं मोजली, पण तो आकडा मी कुणाला सांगितला नाही आणि इथंही सांगणार नाही.

गुरुजींनी अहवालात लिहिलं की सर्व विद्यार्थी सुरक्षित आहेत. ते खोटं नव्हतं. मळ्यावर सगळे धरून चालले की पोरगी मागं होती, बाईंना दिसली नसेल, गडबडीत कुणाचंही होईल. संध्याकाळी तिची आई शाळेत आली. दुसऱ्याच्या शेतात कांदे काढायला जाणारी बाई, हाताला माती तशीच. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली की तुमी व्हत्या म्हनून लेकरं वाचली. खरं काय ते मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. गुरुजी म्हणाले, भेदरली असेल, येईल चार दिवसांनी. पण मला घरी स्वस्थ बसवेना. ती पुन्हा कधीच आली नाही तर, हा एकच विचार. वाघाच्या भीतीनं आली नाही तर एक वेळ मी समजू शकले असते. माझ्यामुळे आली नाही तर काय करायचं, ते मला कळत नव्हतं.

शेवटी रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेले. पत्र्याचं दोन खणी घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात कांद्याचा ढीग. आई पात कापत बसली होती आणि मुलगी तिच्या शेजारी. मला बघून आई चहा टाकायला उठायला लागली. मी म्हटलं, आधी माझं ऐकून घ्या, नाहीतर मला पुन्हा बोलता यायचं नाही. आणि मी सगळं सांगितलं. तिला सरावातून का काढलं ते, घड्याळाचं, साहेबांचं. आणि त्या दिवशी मी तिला न बघताच मोजलं, हेही.

आईचा विळा थांबला. ती माझ्याकडे न बघता लेकीकडे बघत राहिली. मग मुलगीच बोलली, अगदी साधेपणानं, गृहपाठ केला सांगावं तसं.

“मला ऐकू आलं व्हतं बाई. तुमी एक म्हनल्या. मंग दोन, तीन. पार एकतीस पोत्तर.”

मी विचारलं, मग तू हाक का नाही मारलीस गं.

“मोजल्यावर बोलायचं नसतं ना,” ती म्हणाली.

मी मान खाली घालून बसले होते. मला वाटत होतं की आईनं मला बोलावं, चार शिव्या घालाव्यात. मळ्यावरच्या बाया शिव्या द्यायला मागं हटत नाहीत. पण ती शिव्यांपेक्षा अवघड बोलली. तिनं विचारलं, “पुन्यांदा आला, आन ही भाईर ऱ्हायली, तं तुमी दार उघडं ठेवनार का? तीस लेकरं आत असताना?”

मी हो म्हणायला तोंड उघडलं. ती म्हणाली, “खोटं नका बोलू बाई.”

मग मी थांबले. खरं उत्तर काय आहे ते शोधायला मला वेळ लागला. तीस मुलं आत असताना दार उघडं ठेवणं मला जमलं नसतं. जमायलाही नको. हे मी तिला तसंच सांगितलं. आणि मग म्हटलं की दार लागेल. पण ही बाहेर असेल तर मी पण बाहेर असेन.

आईनं विळा पुन्हा चालू केला. थोड्या वेळानं लेकीला म्हणाली, बाईंना पानी दे. मी पाणी पिऊन घरी आले. बुधवारी मुलगी शाळेत आली.

गुरुजींना मी सगळं सांगितलं तेव्हा ते आधी सुन्न झाले आणि मग माझं नवं म्हणणं ऐकून चिडले. त्यांचं म्हणणं, शिक्षकानं मुलांबरोबर आत राहायचं असतं. तुम्ही बाहेर राहून दार लावायला चौथीच्या पोरीला सांगणार, उद्या काही झालं तर तीस घरांना तोंड कसं दाखवणार. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आमचं दोन दिवस कडाक्याचं वाजलं. शेवटी ठरलं ते असं की दोघं शाळेत असू तेव्हा एकानं आत राहायचं, दुसऱ्यानं शेवटचं मूल आणायला बाहेर. आणि एकटं कुणी असेल त्या दिवसासाठी चौथीच्या एका मुलीला कडी आणि मोजणी शिकवायची. थाळी वाजल्यापासून तिनं मनात पन्नासपर्यंत म्हणायचं आणि मग कुणीही बाहेर असलं तरी दार लावायचं. कुणाचाही आकडा गृहीत धरायचा नाही. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायचं. हे बरोबर आहे की नाही, मला आजही माहीत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही सराव घेतला. आधीपासून आत कुणालाच बसवलं नाही. गुरुजी आत भिंतीशी उभे राहिले आणि मुलांना म्हणाले, मी नाही असं समजा. मी त्या मुलीबरोबर मागं टाकीपाशी थांबले. खरा प्रसंग आला तर मी तुला कडेवर घेऊन पळणार, हे मी तिला सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, “आज मला चालू द्या. लई दिस झालं, मी भाईरून आले नाय.”

थाळी वाजली. पुढं मुलांच्या पळण्याचा आवाज झाला. ती निघाली. पाय फेकत, ओठ दाबून, हात हवेत धरून. मी तिच्या एक पाऊल मागं. भिंतीचा कोपरा ओलांडून आम्ही मैदानावर आलो तेव्हा खिडक्या लागल्या होत्या. ती आणखी जोर करायला लागली. पायऱ्या आठ-दहा पावलांवर असतील आणि आमच्या डोळ्यांदेखत दार लागलं. कडीचा आवाज आला. चौथीच्या पोरीनं सांगितलं तसंच केलं होतं. माझ्याबरोबरची मुलगी जागच्या जागी थांबली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आत मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन. ती मान किंचित कलती करून ऐकत होती. आकडे हळूहळू वर चढत गेले. पंचवीस. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. मग आवाज थांबला. आत कुजबुज झाली. चौथीची पोर पहिल्यापासून पुन्हा मोजायला लागली आणि पुन्हा तीसवर थांबली. मग तिचा आवाज आला, घाबरलेला आणि मोठा.

“एक कमी हाय. आपल्यातलं एक आलं न्हाई.”

माझ्या हाताखाली तिचा खांदा हलला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. आणि ज्या मुलीनं त्या दिवशी वीस मिनिटं तोंडातून आवाज काढला नव्हता, ती सगळं बळ एकवटून ओरडली.

“मी हाय. मी भाईर हाय. आले मी.”

आत कुणीतरी कडी काढली. हे नियमात नव्हतं, आणि मी कुणालाही रागावले नाही.